रंगरावांचं वांगं

देऊळघाटच्या रंगरावांना देवानं उंची दिली नाही, रूप दिलं नाही, डोक्यावरचे केसही फार दिवस टिकू दिले नाहीत. ती सगळी कसर त्यानं त्यांच्या तोंडात भरून काढली होती. बुलढाण्याच्या भाजी बाजारात सकाळी लिलावाची हर्रास सुरू झाली, की रंगराव पालथ्या कॅरेटवर चढत, उजव्या हातानं गिऱ्हाइकांकडे बोट दाखवत आणि डाव्या हातानं स्वतःच्या मांडीवर थाप मारायला लागत. मग त्यांचं तोंड सुटे. ‘बोला बोला बोला, माल पाहून बोला, झोपीत काऊन आले, डोळे आधी खोला!’ असं काहीबाही जोडत ते भाव चढवत नेत. मांडीवरची थाप थांबली की सौदा झाला, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. या थापेपायी त्यांच्या प्रत्येक पँटची डावी मांडी आधी विरायची आणि अन्नपूर्णाबाई, म्हणजे त्यांची बायको, तिथे ठिगळं लावून वैतागायच्या.

घरी आले तरी हे तोंड काही मिटत नसे. आंघोळ करताना बोलणं, जेवताना बोलणं, बातम्या चालू असताना टीव्हीशी बोलणं. “तुमचं तोंड हाय का पिठाची गिरणी?” असं अन्नपूर्णाबाई दिवसातून एकदा तरी विचारत. रंगरावांना त्यात बोलणी बसल्यासारखं कधी वाटलं नाही, कारण गिरणीला त्यांच्या लेखी मान होता.

खाण्याच्या बाबतीत मात्र हा माणूस गरीब. समोर येईल ते खाई, मीठ कमी-जास्त झालं तरी चूं करत नसे. वांगं तेवढं सोडून. वांग्यांची आवक म्हणजे बाजारातली सगळ्यात मोठी. जन्मभर त्यांनी वांग्यांचे डोंगर विकले होते, काटे बोचून घेतले होते, किडकी निवडताना वास सहन केला होता. ताटात वांगं दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. “आता घरी बी बाजारच भरवतं काय वं?” असं म्हणून ते ताकभात मागत. त्यामुळे लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्या घरातून वांगं जे हद्दपार झालं, ते झालंच.

आणि नेमकी वांग्यांचीच हर्रास चालू असताना रंगरावांच्या अंगावरून वारं गेलं.

हिवाळ्यातली सकाळ होती. बाजारात शेकोट्या, तोंडातून वाफा, आणि रंगरावांसमोर जांभळ्या वांग्यांचा चकाकणारा ढीग. “वांगं पाहा वांगं,” त्यांनी सुरुवात केली आणि पुढचा शब्द येईना. “वांगं,” ते पुन्हा म्हणाले. “वांगं. वांगं. वांगं.” व्यापाऱ्यांना वाटलं, रंगराव आज रंगात आहेत, माल काहीतरी खास असणार. बोली चढायला लागली. रंगरावांना आतून ओरडायचं होतं, ‘अरे थांबा बेट्याहो, मले कायतरी होऊन राह्यलं,’ पण तोंडातून ‘वांगं’ आणि भाव वर. त्या ढिगाला त्या दिवशी जो भाव मिळाला, तसा वांग्याला त्या मोसमात मिळाला नव्हता, असं लोक अजून सांगतात.

खरी गोष्ट कळली ती एकट्या नौशादला. नौशाद त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त, लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवणारा. वराती उरकून गावी परतताना बाजारात चहाला थांबायचं, कॅरेटवर बसून रंगरावांच्या थापेसोबत बोटं वाजवायची, हा त्याचा नेम. तोंड काय बोलतंय याच्याशी त्याला कधी देणंघेणं नव्हतं. त्याचा कान थापेवर. ती थाप चुकली. रंगरावांची थाप चुकते म्हणजे काय, हे त्याला कळेना, म्हणून त्यानं मान वर करून पाहिलं, तर ओठ एका बाजूला उतरलेला. हातातला चहा टाकून तो धावला आणि कॅरेटवरून पडणाऱ्या मित्राला त्यानं अंगावर झेललं.

दवाखान्यात लवकर पोचल्यामुळे जीव वाचला. उजवा हात आणि पाय मात्र जड झाले. पायानं पुढे व्यायामाला थोडी दाद दिली, काठी टेकत चालता यायला लागलं. हात तसाच राहिला. आणि बोलणं गेलं. सगळंच गेलं असतं तर एक वेळ बरं, पण जाताना ते एक शब्द मागे ठेवून गेलं.

शुद्धीवर आल्यावर रंगरावांना तहान लागली होती. ‘पाणी दे वं,’ असं त्यांनी आतल्या आत नीट जुळवलं, ओठ हलवले आणि म्हणाले, “वांगं.”

अन्नपूर्णाबाईंनी दोन्ही हात जोडले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. “बोलले! नौशादभाऊ, हे बोलले! वांगं मागून राह्यले!”

दुसऱ्या दिवशी डब्यात वांग्याचं भरीत आलं. रंगरावांनी ते पाहिलं आणि जिवाच्या आकांतानं नकार दिला. “वांगं! वांगं! वांगं!”

“पाहा, कसे खूश झाले,” शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली.

तिथून जे सुरू झालं, त्याला रंगराव मनातल्या मनात ‘वांग्याची साडेसाती’ म्हणत. घरी आल्यावर सकाळी भरीत, दुपारी रस्सा, एक दिवस मसाला भरलेलं, एक दिवस नुसतं तेलावर परतलेलं. शेजारच्या जनकाबाईचा भाजीचा मळा होता. तिला कळलं की रंगराव वांग्यासाठी झुरतात, तर तिनं टोपलंभर आणून ओट्यावर ओतलं. पुण्याला कंपनीत असलेला मुलगा प्रज्वल फोनवर विचारी, “बाबा काय म्हणतात?” आणि अन्नपूर्णाबाई सांगत, “वांगं म्हणतात रे, दुसरं काय म्हणतीन?” पाहुणे भेटायला येताना बिस्किटाच्या पुड्याऐवजी वांगी आणायला लागले. रंगरावांनी ताट बाजूला सारून पाहिलं. अन्नपूर्णाबाईंनी ते परत पुढे घेतलं आणि स्वतःच्या हातानं घास करून त्यांच्या तोंडाशी धरला. त्या हाताला काही नाही म्हणवेना. रंगराव गिळत राहिले.

आतलं दुकान सगळं शाबूत होतं, हीच तर खरी पंचाईत. कुणाचं काय चुकतंय, कुणाला काय टोमणा मारावा, सगळं आत तयार. तिथे रंगराव पूर्वीसारखेच बोलत, भांडत, कोट्या करत. बाहेर यायच्या दारात मात्र ते जांभळं धूड आडवं पडलेलं. त्यांची एकच इच्छा राहिली होती: बायकोला एक वाक्य सांगायचं. ‘मले वांगं नको वं.’ आणि नेमक्या त्याच वाक्यात तो शब्द!

बुलढाण्याला बोलण्याचा व्यायाम शिकवणारी एक तरुण मॅडम होती. ती चांगली होती, हसून बोलायची, घाई करत नसे. “काकांना गाण्यात घालून शब्द म्हणायला लावा,” तिनं सांगितलं. “पुष्कळदा बोलणं अडतं, पण सूर-ताल अडत नाही. त्यांना तोंडपाठ असेल असं काहीही घ्या.” मॅडमचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते घरच्यांचं. गाणं म्हटल्यावर त्यांना भजन सुचलं, आणि रंगरावांनी जन्मात कधी भजन म्हटलेलं नव्हतं. देवळात गेले तरी ते पुजाऱ्याशी गप्पा मारत बसायचे. मोबाईलवर भजन लागलं. रंगरावांनी डोळे मिटले, सूर बरोबर पकडला आणि अख्खं भजन ‘वांगं वांगं’ करत म्हणून दाखवलं. अन्नपूर्णाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. हसायला गेल्या की रडायला, ते रंगरावांना शेवटपर्यंत कळलं नाही.

उन्हाळा आला आणि रंगरावांनी तो एक शब्दही टाकून दिला. काय उपयोग त्याचा? माणसं आली की ते भिंतीकडे तोंड करून पडत. त्यांना खरंच वाटायला लागलं होतं, की आपण कॅरेटवरून पडलो तेव्हाच संपलो असतो तर बरं झालं असतं. घरात टीव्ही बंद, गिरणी बंद. अन्नपूर्णाबाई एकट्याच बोलत आणि थोड्या वेळानं आपोआप थांबत.

“भाऊ, हे भांडत बी नाहीत आता,” त्या एके दुपारी नौशादला म्हणाल्या. “येक वेळ माह्या आंगावर ओरडले असते तं बरं वाटलं असतं.”

नौशाद ओट्यावर बसून ताशा शेकत होता. ताशाचं कातडं ढिलं पडलं की त्याला जाळावर धरावं लागतं, त्याशिवाय तो बोलत नाही. लग्नाचे दिवस होते, संध्याकाळी वरात होती. कातडं ताणलं, त्यानं काड्या हातात घेतल्या आणि दोन-चार चाली वाजवून पाहिल्या. मग बोटं सवयीनं भलत्याच वाटेनं गेली. बाजारात कॅरेटवर बसून वाजवायचा, ती चाल. तड तड तड्तड, तड तड तड्तड. रंगरावांच्या मांडीवरची थाप.

आत खाटेवर रंगरावांचा डावा हात उठला आणि मांडीवर पडला. त्यांनी तो उठवला नव्हता. तो आपणहून उठला. एक थाप, दोन थापा, आणि मग तोंडातून, कुणी मागून ढकलावं तसं, बाहेर पडलं, “बोला बोला बोला, माल पाहून बोला, झोपीत काऊन आले, डोळे आधी खोला!”

ताशा थांबला. अन्नपूर्णाबाईंच्या हातातून सूप पडलं, अंगणभर ज्वारी झाली.

“काय म्हतलं बे?” नौशाद दारात येऊन ओरडला. “रंग्या, काय म्हतलं तू?”

रंगरावांनी मोठ्या आनंदानं उत्तर दिलं, “वांगं.”

“ताल सोडू नको बे!” नौशादनं खाटेशेजारी उकिडवं बसून ताशा पुढ्यात घेतला. “मी वाजवतो. तू घुस त्याच्यात. सरळ रस्त्यानं तुले येऊ देत नाही तं मागच्या दारानं ये.”

मागचं दार सापडलं खरं, पण तिथून एकेक शब्द आणायला घाम फुटे. पहिले काही दिवस नुसती जुनी हर्रासच बाहेर पडली. मग रंगरावांनी त्या चालीत एक नवा शब्द ढकलून पाहिला. शिरला. मग दुसरा. शेवटाला यमक असलं की पुढचा शब्द त्याच्या शेपटीला धरून येतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. नुसतं ‘चहा’ म्हणता येत नव्हतं. पण मांडीवर थाप मारून ‘चहा ठेवा चुलीवर, साखर घाला दोन, उशीर झाला तर मंग जबाबदार कोन?’ हे धडाधड म्हणता यायला लागलं. आता साध्या चहासाठी एवढी उठाठेव म्हणजे जरा जास्तच. पण अन्नपूर्णाबाईंनी तो चहा असा करून दिला की जणू घरात राजाचा हुकूम सुटला होता. मॅडमनं ऐकलं तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या. “मी म्हटलं होतं ना,” ती म्हणाली, आणि खरंच तिनं म्हटलं होतं.

रंगराव दिवसभर जुळवायला लागले. आधी गरज होती, मग नाद लागला, आणि पुढे पुढे तर त्याच्यावाचून करमेना. पूर्वी ते बोलत ते तोंड होतं म्हणून. शब्द हाताळून, दाबून, किडका आहे का ते बघून वापरायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. सकाळी डोळा उघडला की डावा हात मांडीवर. पाव्हण्याला राम राम करायचा तर कडवं, औषध कडू लागलं तर कडवं. जनकाबाईच्या नातवाच्या बारशाला त्यांनी जी चार कडवी म्हटली, त्यात बाळाच्या आत्यापासून पाळण्याच्या करकरीपर्यंत कुणाला सोडलं नाही. लोक ओट्यावर येऊन बसायला लागले. “रंगूभाऊ, दुकानाचं उद्घाटन हाय, कायतरी द्या जोडून.” नौशादला वरात नसली की तो ताशा घेऊन हजर. हे दोघे उतारवयात बँड काढतात की काय, अशी गावात चर्चा झाली.

वांगं मात्र चालूच होतं. त्याचं कारणही रंगरावांना ठाऊक होतं. कडव्यात तो एक शब्द आला, की गाडा तिथेच रुतायचा. ‘वांगं’ म्हटलं की पुढे वांगंच. यमक नाही, शेपूट नाही, काही नाही. त्यामुळे चहाची तक्रार करता येई, उन्हाची करता येई, प्रज्वल फोन करत नाही याची करता येई. पण वांग्याची करता येत नव्हती. ते दुसऱ्या शब्दांनी आडून आडून सुचवत. एकदा दाळीचं कौतुक केलं. अन्नपूर्णाबाईंनी दाळवांगं केलं.

श्रावण सरता सरता पोळा आला. वऱ्हाडात पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या होतात. झडती म्हणजे चार-सहा ओळींचं चालीतलं बोलणं. त्यात नमन असतं, टोमणा असतो, कुणाची तरी गंमत असते, आणि शेवटी सगळे मिळून ‘हर बोला, हर हर महादेव’चा पुकारा करतात. आता बैल कमी झाले, तोरणाखाली ट्रॅक्टरही झूल पांघरून उभे राहतात. पण झडत्यांवाचून पोळा फुटत नाही, बैल घराकडे सुटत नाहीत. या वर्षी पोळ्याची व्यवस्था पाहणारे माणिकराव स्वतः ओट्यावर आले.

“रंगराव, यंदा झडती तुम्ही म्हणा लागते.”

रंगरावांना वाटलं, ओट्यावर दहा माणसं असणं वेगळं आणि सारं गाव वेगळं. त्यात शेवटचं एवढ्या गर्दीपुढे ते उभे राहिले होते, तेव्हा काय झालं होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी मान हलवली, नाही. पण नौशाद तोवर हो म्हणून मोकळा झाला होता.

कडवी जुळवून झाली. नमन, पाऊस, पीकविमा, गावातला रस्ता. नौशादसमोर घोकून झाली. पोळ्याच्या दिवशी अन्नपूर्णाबाईंनी त्यांना नवं धोतर नेसवलं, टोपी घातली आणि काहीतरी विसरल्यासारखं त्यांच्याकडे थोडा वेळ पाहत राहिल्या. मग स्वतः बायकांच्या घोळक्यात जाऊन उभ्या राहिल्या.

तोरणाखाली रंगराव काठी टेकत पुढे आले. कुणीतरी पालथं कॅरेट आणून ठेवलं होतं. ते त्यावर चढले नाहीत, बसले. समोर रंगवलेली शिंगं, घुंगरमाळा, फोन उंच धरलेली पोट्टी. ताशा सुरू झाला. रंगरावांनी मांडीवर थाप मारली, तोंड उघडलं आणि म्हणाले, “वांगं.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. रंगरावांनी पुन्हा जोर केला. “वांगं.” घोकलेलं सगळं पाठीमागे खोळंबलं आणि दारात तेच जांभळं धूड. “वांगं. वांगं.” आता गर्दी गप्प झाली, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. माणिकराव पुढे सरसावले, त्यांना उठवायला. जावं परत भिंतीकडे तोंड करून पडायला, असं रंगरावांना क्षणभर वाटलं.

नौशादनं ताशा थांबवला नाही. त्यानं मित्राकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली मान घालून तो तीच चाल वाजवत राहिला. आणि रंगरावांच्या डाव्या हाताला एकदम कळलं, की आपण अजून तालात आहोत. चारही वेळा ‘वांगं’ बरोबर थापेवर पडलं होतं. मग हे अडलं कुठे? ही तर सुरुवात झाली! हलत नाही ना दारातून? नको हलू. तुझ्यावरच चढतो.

“वांगं आलं दारी!” ते ओरडले. “वांगं आलं दारी, वांगं बसलं घरी, बाकीचे शब्द पळाले शेजारच्या शिवारी!”

एक हास्याची लाट उठली. रंगराव आता थांबणार नव्हते.

“सकाळी वांग्याचं भरीत, दुपारी वांग्याचा रस्सा,
सांगा बाप्पाहो, असा माणूस जगन कसा?
अन्नपूर्णेले इचारतो भर पोळ्यात सवाल,
वांग्याच्या जागी ताटामंधी येईन कवा दाळ?”

“हर बोला, हर हर महादेव!” सगळा पोळा गरजला. टोप्या उडाल्या, बैल बुजले, एका ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला. माणिकरावांनी रंगरावांना मिठी मारली. बायकांच्या घोळक्यात तर नुसता गोंधळ. कारण रंगरावांनी बायकोचं नाव लग्नातल्या उखाण्यानंतर कधी उच्चारलंच नव्हतं, ते ‘ओ वं’ आणि ‘प्रज्वलची माय’ यावरच भागवत आले होते. आता घेतलं ते असं, चारचौघांत, ताशावर. अन्नपूर्णाबाई सगळ्यांबरोबर हसत होत्या. हसता हसता त्यांनी पदर सारखा केला आणि पुरण वाटायचं राहिलंय म्हणून घाईनं निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात दाळ शिजायला लागली. दाळ, मेथी, चवळी, कढी. वांगं म्हणून नाही. गाव अन्नपूर्णाबाईंना छेडे, “काय वहिनी, आज काय मंग, वांगं?” आणि त्या हसून “नाही बाप्पा” म्हणत. झडतीचा व्हिडिओ फोनाफोनी फिरला. रंगराव जिंकले होते. पण ताटावर बसले की त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटे. अन्नपूर्णाबाई वाढत, चांगलं वाढत, आणि आत जात. तोंडाशी घास धरत नव्हत्या. आता गरजही नव्हती म्हणा, डाव्या हातानं ते छान जेवत होते.

तो व्हिडिओ पाहूनच दिवाळीनंतर देऊळगाव राजाहून जहांगीर आणि त्याची बायको अजीजुन्निसा आले. जहांगीर ट्रक चालवायचा, चांगला दांडगा गडी; वर्षापूर्वी त्याच्या अंगावरूनही वारं गेलं होतं आणि त्याच्याही तोंडात एकच शब्द उरला होता, ‘क्लीनर’. रंगरावांनी त्याला पाहिलं आणि त्यांना आपली खाट आठवली. ते काठी टेकत स्वतः पुढे झाले, त्याचा हात धरून ओट्यावर घेऊन आले, नौशादला खूण केली. हर्राशीची चाल जहांगीरच्या काय कामाची? त्याची चाल दुसरी असणार. नौशादनं ताशावर इंजिनाची घरघर काढून पाहिली, मग घाटातला चढ. रंगराव त्यात शब्द टाकत गेले, “घाट आला घाट, सोड माही वाट…” जहांगीरचा पाय हलला, ब्रेकवर असल्यासारखा. रंगरावांना इतका आनंद झाला की स्वतःचा पहिला शब्द आला तेव्हाही झाला नसेल.

ताशा थोडा थांबला तेव्हा दाराआडून बायकांचं बोलणं ऐकू आलं. आत अजीजुन्निसा रडत होती. “दिनभर क्लीनर, क्लीनर करतात भाभी. आता कुठून आणू क्लीनर? तो पोरगा कवाच दुसऱ्या गाडीवर गेला. मी गप बसते, तं हे बी गप बसतात.”

“गप बसू नको,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “तूच हो न वं क्लीनर. त्यायनं हाक मारली का जाऊन बस डाव्या बाजूले. म्हण, बोला उस्ताद.”

“त्यायले क्लीनरच पाह्यजे असन का पण?”

“नसन बी. आमच्या यायले वांगं कुठं पाह्यजे होतं? जन्मात खाल्लं नाही त्यायनं. मले काय ते माहीत नव्हतं काय, इतकी वर्षं संसार केला!” ओट्यावर रंगराव ताठ झाले. आत अन्नपूर्णाबाईंचा आवाज खाली आला. “पहिल्या दिवशी नसन उमजलं. दुसऱ्या दिवशी त्यायचं तोंड पाह्यलं अन् उमजलं. पण माणूस येक शब्द बोलते, अन् समोरचं काहीच करत नाही, तं तो शब्द तसाच पडून राह्यते. मंग माणूस बोलणं सोडते. म्हणून म्या रांधलं. त्यायनं म्हणाव अन् म्या कराव. तेवढंच तं बोलणं राह्यलं होतं आमचं.”

“मंग आता?”

“आता काय, आता सगळं बोलतात. पोळ्यात बोलले तवा मी हसली लय. घरी येऊन रडली बी थोडी. मनलं, आता माह्या वांग्याचं काम सरलं.”

नौशादनं रंगरावांकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहून ताशाची दोरी आवळायला घेतली.

जहांगीर आणि अजीजुन्निसा संध्याकाळच्या गाडीनं गेले, पुढच्या आठवड्यात परत यायचं ठरवून. जाताना अजीजुन्निसा नवऱ्याच्या डाव्या बाजूनं चालत होती. अन्नपूर्णाबाई आत मेथी निवडत बसल्या. रंगराव काठी टेकत आत आले आणि त्यांच्यासमोर उभे राहिले. सांगायचं पुष्कळ होतं. कडवंसुद्धा जुळवता आलं असतं, चांगलं आठ ओळींचं. पण मांडीवर थाप मारून हे बोलावं असं त्यांना वाटेना. डाव्या हातानं त्यांनी काठी घट्ट धरून ठेवली.

“वांगं,” ते म्हणाले.

अन्नपूर्णाबाईंनी मान वर केली. “अडलं का पुन्हा?”

रंगरावांनी मान हलवली, नाही. “वांगं.”

त्या त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि हातातली मेथी हातातच राहिली. “खरंच का वं माय,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग पदरानं नाक पुसून त्यांनी विचारलं, “काय करू मंग? भरीत का रस्सा?”

रंगरावांनी ओठ हलवले. ताशा नव्हता, थाप नव्हती, यमक नव्हतं. दारातलं ते धूड पहिल्यांदाच थोडं बाजूला सरकलं.

“भ…” ते म्हणाले. “भरीत.”

अन्नपूर्णाबाई उठल्या, जनकाबाईला मोठ्यानं हाक मारून दोन वांगी मागितली आणि मागच्या अंगणात तुराट्यांचा जाळ करायला गेल्या.